शुद्ध म्हणजे किती टक्के?

ह्या लेखाची सुरुवात एका बाटलीपासून करतो. बाटली कॉस्टिक सोड्याची, मिलच्या लॅबमधली. तिच्यावरची चिठ्ठी मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मला दोन गोष्टींचं नवल वाटलं. एक, सोडा शुद्ध आहे असं नुसतं लिहून थांबले नव्हते, किती शुद्ध तेही लिहिलं होतं. कमीत कमी ९७ टक्के. दुसरी, त्याच्याखाली एक यादी होती. अशुद्धींची कमाल मर्यादा. कार्बोनेट इतकं, क्लोराइड इतकं, सल्फेट इतकं, लोखंड इतकं, शिसं इतकं. म्हणजे जो माल शुद्ध म्हणून विकायचा, त्याच्याच अंगावर त्यात काय काय घाण आहे ते छापलेलं. आणि हीच बाटली लॅबमधली सगळ्यात भरवशाची. गोडाऊनला साध्या कॉस्टिकच्या गोणी पडलेल्या असतात, त्यांच्यावर अशी यादी नसते.

जन्मल्यापासून शुद्ध हा शब्द मी ऐकत आलोय. शुद्ध भाषा, शुद्ध तूप, शुद्ध कूळ, शुद्ध आचरण. पण आपल्यात काय अशुद्ध आहे त्याची यादी अंगावर लावून फिरणारा शुद्ध ह्या बाटलीआधी मला कुठं भेटला नव्हता. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. शुद्ध म्हणजे किती टक्के? आणि ते मोजलं कोणी?

मी कोण ते आधी सांगतो. नाहीतर ह्या पोराला रसायनशास्त्र कुठून आलं असं कोणी विचारील. दहावीनंतर माझं शिक्षण सुटलं. कर्जतहून खोपोली लोकल पकडायची, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत खोपोलीला उतरायचं आणि पेपर मिलच्या गेटावर कार्ड पंच करायचं. पहिली तीन वर्षं पल्परवर होतो. पल्पर म्हणजे एक प्रचंड रांजण. तळाला पातं फिरतं, वरून रद्दीचे गठ्ठे टाकायचे, पाणी सोडायचं, थोड्या वेळात सगळ्याचा लगदा. रद्दीत काय येत नाही? लग्नपत्रिका, कुंडल्या, कोर्टाचे कागद, पोथ्या, परीक्षेचे पेपर, दारूच्या बाटल्यांची खोकी. पल्परला ह्यातलं काही कळत नाही. कागद बांबूचा असो, उसाच्या चिपाडाचा असो की चिंध्यांचा असो, आत सेल्युलोज एकच. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची लांबलचक साखळी. कुंडली आणि दारूचं खोकं यांच्यात पल्परपुढे फरक उरत नाही.

त्या गठ्ठ्यांतूनच मी पुस्तकं काढून घ्यायचो. नववी-दहावीचं विज्ञान मराठीतून होतं. अकरावीचं रसायनशास्त्र इंग्रजीत मिळालं, त्याची पहिली वीसेक पानं फाटलेली. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. त्यामुळे अणू म्हणजे काय ते मला फार उशिरा कळलं, आम्ल आणि आम्लारी आधी कळलं. नाइटला कविता लिहायच्या आणि सुट्टीला हे वाचायचं. लॅबमधला मदतनीस काम सोडून गेला तेव्हा साहेबाने मला विचारलं, पीएच म्हणजे काय? मी सांगितलं. असा मी लॅबमध्ये आलो. झाडू मारणं, बाटल्या धुणं, नमुने आणणं आणि मोजणं.

मोजणं. ह्या लेखाचा मुद्दा तोच आहे.

लॅबमध्ये पहिला धडा मिळतो की शंभर टक्के शुद्ध असं काही नसतं. कितीही गाळा, कितीही उकळा, दहा लाखांत एक भाग तरी काहीतरी दुसरं राहतंच. त्याला पीपीएम म्हणतात. रसायनशास्त्राला ह्याची लाज वाटत नाही. ते फक्त म्हणतं, किती राहिलंय ते सांग, कसं मोजलंस ते सांग, म्हणजे दुसऱ्यालाही मोजून बघता येईल. दुसऱ्याचा आकडा वेगळा आला तर तुझा आकडा खोडायचा. मग तू कोणाच्याही पोटचा अस. केसपुत्तच्या कालामांना बुद्धाने जे सांगितलं त्याचा अर्थ मी माझ्यापुरता असाच घेतो. परंपरा सांगते म्हणून नाही, मोठा माणूस सांगतो म्हणून नाही. तपासून बघ.

आता दुसऱ्या शुद्धीकडे येतो. ती आपल्याच जिल्ह्यात घडली. तेव्हा त्याला कुलाबा म्हणत, १९८१ पासून रायगड म्हणतात. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आपल्या माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परत जाणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. आणि मग तळ्याची शुद्धी झाली. दूध, दही, शेण, गोमूत्र, १०८ घागरी आणि मंत्र.

हे आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. सभेत सांगून सांगून गुळगुळीत झालंय. मी लॅबमधला पोऱ्या म्हणून त्या १०८ घागरींचा हिशोब मांडून बघितला.

पाण्यात सेंद्रिय घाण किती आहे ते मोजायची एक रीत आहे, तिला बीओडी म्हणतात. पाण्यातले जंतू ती घाण खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. आपल्याकडे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात आणि ऑक्सिजन किती संपला ते बघतात. जितका जास्त संपला तितकं पाणी घाण. कारखान्याने नदीत सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा आहे लिटरला ३० मिलिग्रॅम. आता तळ्यात दूध ओता, शेण कालवा, बीओडी वाढणार. गोमूत्रातला युरिया कुजला की त्याचा अमोनिया होणार. शेणातले जंतू वेगळे. म्हणजे आपल्या माणसांनी ओंजळभर पाणी पिऊन तळ्यातलं पाणी ओंजळभर कमी केलं, बाकी पाणी होतं तसंच राहिलं. घाण त्यानंतर पडली, आणि ती शुद्ध करणाऱ्यांच्या हातून पडली.

शेणाला मी नावं ठेवत नाही. माझ्या आयने जन्मभर शेणाने अंगण सारवलं. शेण अंगणात चांगलं, शेतात चांगलं. पिण्याच्या पाण्यात नाही. एवढं साधं आहे.

माझा एक शिकलेला मित्र म्हणाला, "अरे, ती शुद्धी प्रतीकात्मक होती. तिला बीओडी लावतोस? धर्म वेगळा, विज्ञान वेगळं." मी म्हटलं, बरं. प्रतीक तर प्रतीक. पण हे प्रतीक एकटं येत नाही, लाठी घेऊन येतं. आणि प्रतीक असलं तरी मला एक सांग. विटाळ आधी किती होता? नंतर किती उरला? १०७ घागरींनी गेला नसता का? त्या तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, त्यांचा विटाळ किती? कोणी बघितला, कशाने बघितला? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. कोणाकडेच नाही. तो शब्दच असा बनवलाय की त्याला कधी मोजपट्टी लागू नये. ज्याची अशुद्धी मोजता येते त्याची ती कमी पण करता येते. ज्याची मोजताच येत नाही त्याची पिढ्यान्‌पिढ्या संपत नाही.

कोर्टातसुद्धा हेच झालं. डिसेंबर १९२७ मध्ये तळं आमचं म्हणून दावा लागला आणि खटला दहा वर्षं चालला. मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाने निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासून आहे म्हणता, तर ती सिद्ध करा. ती त्यांना सिद्ध करता आली नाही. पुरावा मागितला आणि हजारो वर्षांची म्हणवणारी गोष्ट कोसळली. म्हणून मी म्हणतो, पुरावा मागणं हे आपलं हत्यार आहे.

आणखी एक गोष्ट मला आम्ल-आम्लारीने शिकवली. आम्लात आम्लारी ओतलं की दोन्ही बदलतात. आम्ल आम्ल राहत नाही, आम्लारी आम्लारी राहत नाही, मीठ आणि पाणी होतं. सदऱ्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो. हळद बदलते, आणि साबणाचाही तेवढा अंश खर्ची पडतो. निसर्गात एकतर्फी स्पर्श नाही. आता विटाळ बघा. मी त्याला शिवलो तर तो बाटतो. पण तो मला शिवला तर मी शुद्ध होत नाही. त्याचं पावित्र्य इतकं मोठं, इतकं जुनं, आणि माझ्यात त्याचा एक पीपीएम उतरत नाही? घाण माझ्याकडून त्याच्याकडे जाते, शुद्धता मात्र त्याच्याकडून माझ्याकडे येत नाही. असा पदार्थ जगात नाही. हा निसर्गाचा नियम नाही, ही मालकी हक्काची नोंद आहे.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख चांगला झाला असता. विज्ञान आपलं, विटाळ त्यांचा, जयभीम. पण मी मिलमध्ये काम करतो, आणि मिलमधलं रसायन पुस्तकातल्यासारखं वागत नाही.

आपल्या भागातल्या पोरांना रसायन पुस्तकातून शिकावं लागत नाही. खोपोलीला १९१५ पासून टाटांचं वीज केंद्र आहे. घाटावरच्या तळ्यांचं पाणी नळांतून खाली येतं, वीज देतं आणि पाताळगंगेत पडतं. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्या पाण्यामुळे पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहती राहते, आणि पाणी आहे म्हणून तिच्या काठाला कारखाने आले. खाली एका ठिकाणाचं नावच रसायनी. १९६० साली केंद्र सरकारने हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी काढली, तिचा कारखाना तिथे उभा राहिला. नायट्रोबेंझिन, ॲनिलीन अशी द्रव्यं, ज्यांच्यापासून पुढे रंग होतात, औषधं होतात. सरकारी कारखाना म्हणजे राखीव जागा आल्या. राखीव जागा म्हणजे यंत्रापाशी, लॅबमध्ये, टेबलापाशी आपला माणूस बसायची शक्यता आली. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथले प्लांट बंद करायचं ठरवलं. एक वगळला, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. रॉकेटच्या इंजिनात इंधन जाळायला ते लागतं, म्हणून तो इस्रोकडे द्यायचं ठरलं. देशाचं रॉकेट वर जायला लागणारं द्रव्य आपल्या शेजारी बनलं, ह्याचा मला अभिमान वाटतो. खोटं कशाला बोलू? पण सरकारी कारखाना गेला की ठेकेदार येतो, आणि ठेकेदाराकडे राखीव जागा नसते. त्याच्याकडे आपल्यासाठी एकच जागा असते, ती खड्ड्यात.

पॅरासेल्सस नावाच्या वैद्याने सोळाव्या शतकात मांडलं की विष पदार्थात नसतं, मात्रेत असतं. मीठसुद्धा फार झालं की मारतं. खरं आहे. पण त्याच्यापुढचा प्रश्न त्याने विचारला नाही. कोणाच्या वाट्याला किती मात्रा, हे कोण ठरवतं? रेणूला जात नसते. त्या रेणूजवळ कोणाला उभं करायचं, ते मात्र आपल्या देशात जात ठरवते.

मिलमध्ये लगदा साठवायच्या टाक्या असतात. मिल बंद राहिली, चार दिवस लगदा ढवळला गेला नाही, की तो सडतो. कागदाला आम्ही तुरटी घालतो, तीच तुरटी जी आय पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवायची. तुरटीत सल्फेट असतं. हवा न मिळणारे जंतू त्या सल्फेटमधून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो वायू. हवेचा रेणू सरासरी २९ भाराचा, ह्याचा ३४. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असला की वास येतो, माणूस सावध होतो. शंभर पीपीएमच्या आसपास गेला की नाकाची वास घ्यायची ताकदच मरते. माणसाला वाटतं वास गेला, म्हणजे वायू गेला. आणि तो आणखी खाली उतरतो. पाचशे-सातशेला काही मिनिटांत कोसळतो, हजाराला एकदोन श्वासांत. छातीत ऑक्सिजन असतो, पण शरीरातल्या पेशींना तो वापरता येत नाही. वरून बघणारा म्हणतो, अरे पडला, आणि त्याला काढायला उतरतो. तो पण पडतो. म्हणून आपण पेपरात वाचतो ते मृत्यू एकेकटे नसतात, दोन-दोन, तीन-तीन असतात.

गटारात उतरणाऱ्याला मारतो तो हाच वायू. १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. मार्च २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारात मेलेल्याच्या घराला दहा लाख द्या म्हटलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख म्हटलं. मेल्यावरची किंमत वाढली. उतरणारा कोण, ते बदललं नाही.

कारखान्यासाठीही नियम होता. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३६ मध्ये लिहिलं होतं की अशा टाकीत उतरण्याआधी जाणकार माणसाने तपासून लेखी दाखला द्यायचा. नाहीतर उतरणाऱ्याला श्वासाचं साधन द्यायचं, कमरेला पट्टा बांधायचा, आणि पट्ट्याच्या दोरीचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्यायचं. १९८४ ला भोपाळ झालं. त्यानंतर १९८७ साली ह्याच कायद्यात कामगाराला आपल्या आरोग्याची आणि धोक्याची माहिती मागायचा हक्क आला. कायदे बदलत राहतात, त्यांची नावं बदलतात. पण ती दोरी मला फार महत्त्वाची वाटते. तिच्याबद्दल शेवटी बोलतो.

एका सुट्टीनंतर आमच्या मिलमध्ये टाकी साफ करायची होती. उतरायला ठेकेदाराचा एक पोरगा होता, कातकरीवाडीतला. माझ्याहून लहान. मला सुपरवायझरने कागद दिला, टाकीत उतरायचं परमिट. त्यात रकाने होते. ऑक्सिजन किती. हायड्रोजन सल्फाइड किती. मीटर माझ्याकडे होता, पण त्याची बॅटरी उतरलेली होती. मी तसं सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, "भर रे, कालच वारा दिलाय टाकीला. प्रॉडक्शन थांबलंय." मी ऑक्सिजनपुढे २०.९ लिहिलं. हायड्रोजन सल्फाइडपुढे शून्य लिहिलं. खाली सही केली. सही चांगली येते मला, वळणदार.

पोरगा उतरला. पाच-सात मिनिटांनी शिडी धरून वर आला, गुडघ्यावर बसला आणि ओकला. डोळे लाल. तोंडातून शब्द फुटत नव्हता. वाचला. सुपरवायझर म्हणाला, ऊन लागलं. फाइलमध्ये माझा कागद गेला. तो कागद अगदी शुद्ध आहे. कुठे खाडाखोड नाही.

मित्रांनो, १०८ घागरींचा हिशोब मांडणारा तो मी, आणि न मोजता शून्य लिहिणारा तोही मीच. त्या भटांनी विटाळ न मोजता तळं अशुद्ध म्हटलं. मी वायू न मोजता टाकी शुद्ध म्हटली. फरक काय? त्यांच्या हातात मंत्र होता, माझ्या हातात पेन. माझ्यावर दबाव होता हे खरं. नोकरीची भीती होती हेही खरं. पण समोर ठेकेदाराच्या जागी साहेबाचा मुलगा टाकीत उतरणार असता तर मी शून्य लिहिलं असतं का? नसतं लिहिलं. बॅटरी शोधून आणली असती. हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर मिळाल्यावर मला रात्री झोप आली नाही.

दोन दिवसांनी मी त्याच्या वाडीवर गेलो. त्याच्या आयने मला तांब्याभर पाणी दिलं. आणि मला माझी आजी आठवली. जिला गावात वरून पाणी वाढायचे, ती माझी आजी कातकऱ्याच्या हातचं पाणी घेत नव्हती. हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. प्रत्येकाला खाली बघायला एक माणूस मिळतो, म्हणून कोणी वर बघून उठत नाही. मी पाणी प्यालो. मग पोराला खरं सांगितलं, की मी मोजलं नव्हतं. तो रागावला नाही. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग तो मीटर कशाला ठेवलाय?"

त्याच्या ह्या प्रश्नाचं उत्तर शोधतानाच हा लेख लिहिला.

मीटर कशाला ठेवलाय? ज्ञान कोणाकडे असावं आणि कोणासाठी असावं, हा प्रश्न आहे. कातकरी हे नावच काथावरून आलं. खैराच्या लाकडाचा गाभा तासायचा, मडक्यात उकळायचा, काढा आटवायचा, थंड करायचा, काथ खाली बसतो. अर्क काढणं, आटवणं, थंड करून वेगळं करणं. लॅबमध्ये मी हेच करतो आणि त्याला इंग्रजी नावं आहेत. त्या माणसांची रसायनशाळा जंगलात होती. एकोणिसाव्या शतकात सरकारी वन कायद्यांनी जंगल बंद केलं आणि ती गेली. आज तीच माणसं कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर उचल घेऊन राबतात. कातडं कमावणारा ढोर, चांभार बघा. चुन्यात कातडं भिजवायचं म्हणजे केस सुटतात, मग तरवडाच्या, बाभळीच्या सालीत, हिरड्यात मुरवायचं. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांच्या तंतूंना बांधून टाकतं, मग ते सडत नाही. सडणाऱ्या वस्तूला न सडणारी करणारा माणूस. त्यालाच गाव घाण म्हणालं.

प्रफुल्लचंद्र राय हे मोठे रसायनशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला, १९०२ आणि १९०९ साली. आपल्या देशात विज्ञान का खुंटलं ह्याचा विचार करताना त्यांनी जातीकडे बोट दाखवलं. हाताची कामं खालच्या मानलेल्या जातींकडे ढकलली, बुद्धीवाले हाताच्या कामापासून दूर झाले, प्रेताला शिवणं निषिद्ध ठरलं. का आणि कसं हे विचारणं संपलं. माझ्या भाषेत सांगायचं तर ज्याच्या हाताला माहीत होतं त्याला पुस्तक दिलं नाही, आणि ज्याच्याकडे पुस्तक होतं त्याने हात लावला नाही. नुकसान सगळ्यांचं झालं, पण मेले आपले.

आता पुस्तक आपल्या हातात आलंय. मीटर पण आलाय. पण मीटर हातात आलेला आपला माणूस खड्ड्यात उतरणाऱ्या दुसऱ्या माणसासाठी तो लावणार नसेल, तर तो मीटर आपल्याकडे आला काय आणि भटाकडे राहिला काय, खड्ड्यातल्याला सारखंच. मिलमध्ये मी नंतरच्या वेळी बॅटरी आल्याशिवाय सही करणार नाही म्हणालो. बॅटरी आली. आठवड्याने मला लॅबमधून काढून परत पल्परवर टाकलं. त्याबद्दल रडायचं नाही, पल्पर मला माहीत आहे. आणि एवढ्याने ते शून्य फिटलं असंही मी मानत नाही. ते फाइलमध्ये आहे.

म्हणून मी शुद्ध ह्या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ लावलाय. शुद्ध म्हणजे निष्कलंक नव्हे. निष्कलंक कोणीच नाही, रसायनशास्त्राने ते कधीच सोडून दिलं. शुद्ध म्हणजे स्वतःच्या अंगावर स्वतःच्या अशुद्धीची खरी यादी लावायची तयारी. मोजलेली, सहीनिशी. चळवळीलाही हे लागू आहे. आपल्या व्यासपीठांवर पोटजातीचा किती टक्का आहे? आपल्या घरात बाईच्या कष्टाची मोजदाद कोण करतं? आपल्या वस्तीतून कातकरीवाडीवर शेवटचं कोण कधी गेलं होतं? हे विचारलं की आपले काही कार्यकर्ते चिडतात, म्हणतात शत्रूला हत्यार मिळेल. मला तसं वाटत नाही. बिनयादीच्या गोणीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

मोठं काही सुचवायची माझी लायकी नाही. छोटं सांगतो. आपल्या प्रत्येक वस्तीत दोन पोरं तरी अशी हवीत ज्यांना बाटलीवरची चिठ्ठी वाचता येते, परमिटावरचे रकाने कळतात, आणि न मोजलेला आकडा दिसला तर विचारता येतं. दहावी नापास असली तरी चालेल, मी आहे ना. आणि उद्या कुठेही, मिलमध्ये, सोसायटीत, नगरपालिकेच्या गटारावर, कोणी माणूस खाली उतरताना दिसला, तर दोन गोष्टी बघा. त्याच्या कमरेला दोरी आहे का, आणि दुसरं टोक कोणाच्या हातात आहे.

कोणाच्याच हातात नसेल तर ते आपण धरायचं.

जयभीम.